चारी बाजूंनी वीतभर

ता. ९ जून

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदाच कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहिलंस, त्याबद्दल शाबासकी. तीन वर्षांपूर्वी तुला सही शिकवायला बसले तेव्हा पेन्सिलीचं टोक तू चार वेळा मोडलं होतंस, आणि आता पान पुरत नाही म्हणून समासात आडवं लिहितेस. चुका बऱ्याच आहेत. लाल शाईने खुणा करून तुझं पत्र नेहमीप्रमाणे सोबत परत पाठवते आहे. चुकलेला प्रत्येक शब्द पाच वेळा लिहायचा. कचेरीत दिवसभर पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे माझ्या नजरेतून काही सुटेल या भ्रमात राहू नकोस.

आता मुद्द्याचं. घरात जागा नाही, कोणीतरी हललं पाहिजे, असं वहिनी तुझ्या तोंडावर बोलली आणि दादा गप्प बसून राहिला, हे तू शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलंस. तेच मोठ्या अक्षरात लिहायचं होतंस. मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग शांतपणे विचार केला. आपली खोली दहा बाय चौदा. माणसं पाच, त्यातलं एक रांगणारं. अडचण माणसांची नाही, त्या सहा दोऱ्यांची आहे. वर्षातले सात महिने घरभर ओले कपडे लोंबतात आणि त्यांच्याखालून सगळे वाकून चालतात. डोक्यावर चादर ठिबकत असली की कोणालाही वाटणार, घरात माणसं जास्त झाली. जागा तू अडवलेली नाहीस, कपड्यांनी अडवली आहे.

म्हणून मी कपडे सुकवायचं यंत्र घेतलं आहे. ड्रायर. घाबरू नकोस, अगदी लहान आहे, लोखंडी घोडीवर मावेल एवढं. आत एक पिंप फिरतं, गरम हवा खेळते आणि ओल एका नळीतून खिडकीबाहेर जाते. एका वेळी दोन चादरी, नाहीतर सात-आठ शर्ट. पुढच्या आठवड्यात पोहोचेल.

आत्या, आई-बाबा गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. तेव्हापासून तुला आठवते ती हात वर करून उभी असलेलीच. प्रसूतिगृहाच्या चादरी तू धुतल्यास, वाळवल्यास, आणि त्या चादरींवर मी बी. ए. झाले. आपल्या घरातली पहिली. पदवीचा कागद हातात आला तेव्हाच मी ठरवलं होतं की आधी तुझी सुटका करायची. आता हात खाली कर. दोऱ्या निघतील, जागा होईल, आणि तुला कोणी हल म्हणणार नाही.

दादा-वहिनींना नमस्कार, छोटीला आणि बाळाला पापा. लोभ आहे तसाच राहू दे, ऱ्हस्व-दीर्घ तेवढे बदल.

तुझी,
चिमटी

ता. २१ जून

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशिर्वाद.

मशिन आलं. दोन माणसांनी उचलून आणलं. तिसऱ्या जिन्यावर एकाने विचारलं, आत माणूस बसलाय का. मी म्हटलं, माणूस वर उभा आहे, त्याच्या बदली हे आलंय. तो हसला. तुझा दादा नाही हसला.

गोल दार आहे, त्याला काच. आतले कपडे गरगर फिरताना दिसतात. छोटी पुढ्यात बसते आणि स्वतःचा फ्रॉक वर आला की टाळ्या वाजवते. मीही बसले घटकाभर. तुझ्या दादाची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी तीनदा काचेला नाक लावून गेली. इतकी वर्षं मी तिला दोरीवर टाकते, ओळख दाखवणारच.

कपडे निघतात ते तापाने फणफणल्यासारखे. बाहीत बाही अडकलेली, जशी आत मारामारी झाली. मी वाळीत घालते तेव्हा शर्ट उलटा करून खालच्या काठाला चिमटे लावते, खांद्यावर खूण उठत नाही. मोजा बोटांकडून. चादर बरोब्बर अर्धी दुमडायची नाही, बोटभर मागेपुढे ठेवायची, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना चिकटत नाहीत. हे मशिनला कोण सांगणार. तू सांग, तू शिकलेली आहेस.

सोबतच्या पुस्तकात लिहिलंय म्हणे की मशिनच्या चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी पाहिजे. आणि नळी खिडकीबाहेर. खिडकी एकच, तिच्याखाली माझी खाट. सुनबाईने वीत लावून लावून मोजलं. माझी खाट आता न्हाणीच्या दाराशी. दिवसा उभी करून ठेवायची, झोपताना आडवी. मला काही चारी बाजूंनी वीतभर कधी मिळाली नव्हती, पण मी कुठे मशिन आहे.

दोऱ्या अजून आहेत. मी रोज त्यांच्यावर एखादा रुमाल तरी टाकते. रिकामी दोरी दिसली की लोकांना वाटतं बाईला काम नाही. चिमटी, तुला माहित नसेल, तू अभ्यास करत होतीस. या घरात मला आत्या म्हणून कोणी ठेवलेलं नाही. सकाळी कपडे कोरडे मिळतात म्हणून ठेवलंय. आता कोरडे मशिन करणार. मग मी काय करू, ते लिही. लवकर लिही.

लोभ ओला असला तरी चालेल, पण पाठव.

तुझी,
आत्या

ता. २८ जून

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी माझ्या रविवारच्या वर्गात वाचून दाखवलं. माझ्या खोलीत आठ बायका येतात, धुणीभांडी करणाऱ्या, अक्षरं शिकायला. दादाच्या चड्डीच्या ओळखीला त्या इतक्या हसल्या की खालून घरमालक ओरडला. एकीने विचारलं की एवढी हुशार बाई शाळेत का गेली नाही. मी म्हटलं, कारण तिच्यापाशी ड्रायर नव्हता.

आधी चुका. आशीर्वाद: शी दीर्घ. मशीन, सूनबाई, माहीत: तिन्ही दीर्घ. आणि एक फार मोठी चूक. तू लिहिलंस, "मी वाळीत घालते." कपडे वाळत घालतात, आत्या. वाळीत टाकतात ते माणसाला, म्हणजे सगळ्यांनी मिळून त्याच्याशी बोलणंचालणं, उठणंबसणं तोडायचं. एक वेलांटी चुकली की शर्टाच्या जागी माणूस लटकतो! तेव्हा हे पाच वेळा नाही, दहा वेळा लिही: कपडे वाळत, माणूस वाळीत.

मी काय करू, असं तू विचारलंस. मला हे वाचून वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. काही करू नकोस. तेवढ्यासाठीच तर यंत्र आहे. जे काम यंत्राला जमतं ते माणसाकडून करून घेणं हा माणसाचा अपमान आहे, असं मी वर्गात सांगते. आणि तुला कपड्यांसाठी ठेवलंय, हे परत कधी लिहू नकोस. तू स्वतःला फार कमी लेखतेस. घर माणसांवर उभं असतं, दोऱ्यांवर नाही. वाच, लिही, छोटीला गोष्टी सांग, जिना उतरून चार पावलं चालून ये.

खाटेचं म्हणशील तर दोन दिवसांत सवय होईल. आणि रिकाम्या दोरीवर रुमाल टाकणं मला पटलं नाही. ते स्वतःला फसवणं आहे. दोऱ्या काढून टाक. दादाची वाट बघू नकोस, तुझ्या हाताने काढ. तो क्षण तुझा असायला हवा. काढल्यास की मला कळव, मी वर्गात सांगेन.

लोभाला ओल लागू देणार नाही, तूही देऊ नकोस.

तुझी,
चिमटी

ता. १९ जुलै

प्रिय वन्सं यांस,
स. न. वि. वि.

वन्सं म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, माहीत आहे. म्हणूनच म्हटलं.

यंत्राबद्दल तुमचे उपकार मानायला बसले आहे. वॉर्डातली पाळी सकाळी सातची, हे तुम्हाला माहीत आहेच. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी कोरडा गणवेश घालून कामाला गेले. मेट्रनने विचारलं, आज काही विशेष आहे का. मी म्हटलं, आमच्या नणंदेने क्रांती केली.

तुम्ही आत्याबाईंची पत्रं वाचता, पण त्यांच्या दोऱ्या कधी वाचल्या नाहीत. पहिल्या दोन दोऱ्या तुमच्या दादांच्या, खिडकीजवळ. तिसरी-चौथी मुलांची. पाचवी त्यांची स्वतःची. माझं सगळं सहाव्या दोरीवर, कपाटाच्या मागे, जिथे वारा वाट चुकूनही जात नाही. नऊ वर्षं मी दमट परकर नेसले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात म्हटलं होतं की दोरी बदलू या का, तर म्हणाल्या, उशिरा आलेल्याने शेवटच्या दोरीला यावं. मला कधी शिवी दिली नाही त्यांनी. फक्त कोरडं कधी काही दिलं नाही.

तुमचं पत्र आलं आणि त्यांनी खरंच दोऱ्या सोडल्या. स्टुलावर चढून, एकेक गाठ दातांनी. मी कात्री पुढे केली तर नको म्हणाल्या, चिमटीने माझ्या हाताने काढायला सांगितलंय. मी खाली उभी राहून बघत होते. स्टूल धरलं नाही. खोटं कशाला बोलू, बघताना मला बरं वाटलं.

आता खोली खोलीसारखी दिसते. छोटीचं टेबल आलं. बाळाला रांगायला जमीन मिळाली. आणि मधोमध आत्याबाई. यंत्र चालू असताना दार उघडून कपडे चाचपतात, की ते बंद पडतं. लोकरीचं काही आत घालू नये असं पुस्तकात लिहिलंय, मी मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तरी त्यांनी दादांचा स्वेटर घातला. आता तो बाळाला होतो. तेव्हापासून आम्ही दोघं त्यांच्याशी कामापुरतं बोलतो, आणि काम तर काही उरलेलंच नाही. छोटीलाही सांगून ठेवलंय की अभ्यास करताना आत्याआजीकडे बघायचं नाही.

पुलापलीकडे म्हाताऱ्या बायकांचं एक निवास आहे. आमच्या मेट्रनची ओळख आहे, एक खाट रिकामी होते आहे. तुमचे दादा म्हणतात, चिमटी हो म्हणाली तर बघू. त्यांचं नेहमीचंच. दोऱ्यांचं काढलं की आत्याला विचार, आत्याचं काढलं की चिमटीला विचार. तेव्हा तुम्हाला विचारते. निवास नको असेल तर तुमच्याकडे न्या. तुमची खोली किती बाय किती आहे ते कळवा. मी वीत लावायला येणार नाही, तुमच्या शब्दावर विश्वास ठेवीन.

लोभ असला तर उत्तम, उत्तर लवकर आलं तर त्याहून उत्तम.

तुमची,
वहिनी

ता. २७ जुलै

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून धक्का बसला. सहाव्या दोरीबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. तुझ्यावर अन्याय झाला, आणि आत्याच्या वतीने मी तुझी क्षमा मागते. पण एका अन्यायाने दुसरा फिटत नाही. जिने आम्हाला वाढवलं तिला एका स्वेटरसाठी घराबाहेर काढायचं, हे माझ्या कल्पनेतही बसत नाही.

तू माझ्या खोलीचं विचारलंस. आठ बाय दहा. त्यात पलंग, टेबल, फळा आणि दोन ट्रंका पुस्तकं. रविवारी आठ बायका जमिनीवर मांडीला मांडी लावून बसतात. आत्या आली तर वर्ग बंद करावा लागेल. कालच त्यातल्या एकीने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं आणि रडली. एकीच्या सोयीसाठी आठ जणींचं नुकसान करणं योग्य नाही. आत्यालाही ते आवडणार नाही.

राहिला निवासाचा प्रश्न. आत्याच्या आयुष्याचा निर्णय तू घ्यायचा नाहीस, दादाने नाही, आणि मीही नाही. तिचा तिने घ्यायचा. ती आता निरक्षर नाही, की कोणीही तिच्या वतीने बोलावं. तेव्हा माझं म्हणणं एवढंच: आत्याने आपल्या हाताने, आपल्या शब्दांत लिहून दिलं की मी स्वतःहून जाते आहे, तर माझी हरकत नाही. तसं लेखी नसेल तर हा विषय परत काढू नका. दादालाही हे पत्र वाचायला दे.

मन कोरडं होऊ देऊ नकोस, आणि माझ्यावरचा लोभही.

तुझी,
चिमटी

ता. ५ ऑगस्ट

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दीर्घ लिहिला आहे, बघ.

दोऱ्या मी काढल्या. गाठी घट्ट होत्या, तुझ्या बाबांनी मारलेल्या. वर्गात सांग.

मशीन रोज चालतं, दोनदा. ते चालू झालं की खोली तापते. मी न्हाणीच्या दाराशी बसते. तिथून छोटीची पाठ दिसते. अंगावरून गरम वारा जातो. मला वाळीत टाकलं आहे.

तू ये. पत्र नको, तू ये. राहायला नको, एक दिवस ये आणि संध्याकाळी जा.

लोभ असेल तर हातात घेऊन ये, पाकिटातून पाठवू नकोस.

तुझी,
आत्या

ता. १२ ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

अख्ख्या पत्रात एकच चूक! आनंदाने मी शेजारणीला दाखवलं. पण ती एक नेमकी तीच जुनी. "मला वाळीत टाकलं आहे" नाही गं, वाळत. वाळत! गरम वाऱ्यात बसून स्वतःलाच वाळत टाकलंस, हा विनोद फार छान जमला होता. मी तो वर्गात फळ्यावर लिहून दाखवला. पण तू ती वेलांटी दिलीस आणि सगळा अर्थ बदलला. वाचणाऱ्याला वाटेल की घरात तुझ्याशी कोणी बोलतच नाही. आता मात्र शिक्षा वाढवते. पंचवीस वेळा लिहून पाठव.

तुझ्या गाठींबद्दल वर्गात सांगितलं. टाळ्या वाजल्या, तुझ्यासाठी.

यायचं मनात फार आहे, पण तिसरीच्या पुस्तकाची मुद्रितं सप्टेंबरअखेर छापखान्यात गेली पाहिजेत आणि माझ्या टेबलावर अजून सहा धडे आहेत. नोव्हेंबरात नक्की येते, चार दिवस राहायलाच.

एक सांगून ठेवते. वहिनी कदाचित तुला काही लिहून मागेल. मुळीच दबू नकोस. तुझ्या मनात असेल तेच लिही, आणि तेवढंच. आता लेखणी तुझ्या हातात आहे, आणि हे तू स्वतः कमावलं आहेस. मनातलं लिहिलंस की तुला कोणीही कुठेही हलवू शकणार नाही, असा बंदोबस्त मी करून ठेवला आहे.

नोव्हेंबरापर्यंत लोभ पुरवून वापर, मग ताजा घेऊन येतेच.

तुझी,
चिमटी

ता. २० ऑगस्ट

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सूनबाईने कागद दिला आणि म्हणाली, वन्संनी तुमच्या हातचं लेखी मागितलंय. दोन महिन्यांत ती माझ्याशी एवढं लांब वाक्य पहिल्यांदा बोलली. तुझं तिला आलेलं पत्रही वाचायला दिलं. आठ बाय दहा, ते वाचलं. माझ्या मनात आहे तेच लिही म्हणतेस, म्हणून लिहिते.

मी माझ्या मर्जीने पुलापलीकडच्या निवासात जात आहे. मला कोणी जा म्हणालं नाही. मला कोणी काहीच म्हणालं नाही.

सूनबाईचा राग धरू नकोस. तिचे कपडे मी सहाव्या दोरीला टाकले हे खरं आहे. ती आली तेव्हा मला वाटलं, ही मला घालवणार. म्हणून मी आधी तिला कोपऱ्यात घातलं. तिला ते करायला नऊ वर्षं लागली, एवढाच फरक.

स्वेटर मी मुद्दाम घातला. म्हटलं, नुकसान केलं की ओरडतील, ओरडले म्हणजे बोलले तरी. तुझ्या दादाने तो स्वेटर हातात घेतला, बाळाच्या अंगाला लावून बघितला आणि घडी करून ठेवला. ओरडलासुद्धा नाही.

मागच्या पानावर पंचवीस वेळा लिहिलं आहे. मोजून घे. पंचवीस ठिकाणी वेलांटी आहे. ती चूक नाही. तूच शिकवलंस, कपडे वाळत आणि माणूस वाळीत. मी लगेच शिकले होते.

परवा जाते. इथल्या पत्त्यावर लिहू नकोस.

लोभ कसा असावा हे लिहायला आता जागा उरली नाही, पान संपलं.

तुझी,
आत्या

ता. ३० ऑगस्ट

ती. आत्यास,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळाल्यापासून मी कचेरीत गेलेले नाही. मागचं पान समोर ठेवून बसले आहे. पंचवीस वेळा वाचलं. मी वर्गात ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं, आत्या, आणि आम्ही सगळ्या हसलो होतो. एक जण हसली नव्हती. तिने मला विचारलं होतं की तुमची आत्या घरात एकटीच असते का. मी म्हटलं, नाही, पाच माणसं आहेत.

मी चुकले, हे लिहून काय होणार. मला वाटलं, लेखी मागितलं की तुला कोणी हात लावणार नाही. मला वाटलं, तू लिहिणारच नाहीस.

तू माझ्याकडे ये. मी वर्ग बंद करते. पुस्तकांच्या ट्रंका घरमालकाच्या माळ्यावर ठेवायची परवानगी घेतली आहे. फळा उतरवला. आणि ऐक, मी खोलीत दोरी बांधली आहे. खिडकीपासून दारापर्यंत, लांबलचक. माझे कपडे तूच वाळत घालायचेस, तुझ्या पद्धतीने, शर्ट खालच्या काठाने आणि मोजे बोटांकडून. माझ्याकडे यंत्र नाही आणि कधी आणणारही नाही. तुला कधीही रिकामं वाटणार नाही.

तुझं उत्तर आलं की लगेचच्या रविवारी तुला घ्यायला येते. फक्त हो म्हणून कळव. कसंही लिही, मी खुणा करणार नाही.

लोभाला मी पात्र राहिले नसेन, तरी मागते.

तुझीच,
चिमटी

ता. ८ सप्टेंबर

चि. चिमटीस,
आशीर्वाद.

घ्यायला येऊ नकोस. मी येणार नाही.

इथलं तुला सांगते, म्हणजे काळजी नको. एका खोलीत आम्ही सहा जणी आहोत. कपडे धुवायची मनाई आहे. तळघरात कपाटाएवढी मशीनं आहेत, सगळं तिथे धुतलं आणि वाळवलं जातं. आपापले कपडे ओळखता यावेत म्हणून आत आकडा शिवतात. मी एक्केचाळीस. मंगळवारी कपडे परत येतात, गरम गरम, आणि कोणाचे कोणाला येतात. मागच्या मंगळवारी मला एकोणचाळीसचा सदरा आला. परत करायला गेले तर कळलं, एकोणचाळीस आदल्या आठवड्यातच गेल्या. म्हटलं, राहू दे. मापाचा आहे.

पहिल्या दिवशी दुपारी जेवायला हाक मारली तेव्हा मी उठले नाही. मला वाटलं दुसऱ्या कोणाला बोलावतायत. मी तर काही काम केलं नव्हतं. वाढणाऱ्या बाईने येऊन दंडाला धरून उठवलं आणि म्हणाली, आजी, इथे काम करून जेवायचं नसतं. मी ताटावर बसून राहिले, घास गिळेना. चौथ्या दिवशी गिळला. आता दोन वेळा पोटभर जेवते. भांडं विसळायलासुद्धा देत नाहीत.

तू दोरी बांधलीस. चांगली बांधली असशील, तुझं सगळं नीटनेटकं असतं. पण तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचून बघितलं. दोरी कुठून कुठपर्यंत ते लिहिलंस, कपडे कसे घालायचे ते लिहिलंस. मी झोपायचं कुठे, ते लिहिलं नाहीस. तुझ्या दादानेही मला दोरीसाठी ठेवलं होतं. त्याने निदान खाट दिली होती, खिडकीखाली.

शेजारची बाई विचारत होती, तुम्हाला कोणी नाही का. मी म्हटलं, एक भाची आहे, बी. ए. झालेली, फार मायाळू. ती म्हणाली, मग तुम्ही इथे कशा. मी सांगितलं, तिनेच लेखी मागितलं.

भेटायला फक्त रविवारी सोडतात. रविवारी तुझा वर्ग असतो. तो बंद करू नकोस. त्या आठ जणींना नीट लिहायला शिकव. त्यांच्याकडूनही कधी ना कधी कोणीतरी लिहून मागेल.

लोभाचं म्हणशील तर तो घरीच राहिला. इथे एकच पिशवी आणू देतात.

आत्या